भागी आर्वीला येणार नाही

अल्लीपूर,
६ मे १९७९

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या रूपरावचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण कंबर धरली आहे. पुरता वाकलो तर उठवायला माणूस बोलवावा लागतो.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? आर्वीचे ऊन काय म्हणते? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे तुमचे पत्र येईपर्यंत होतो.

पत्र पोचले. भागी दुसरीत गणितात जेमतेम पास झाली, ही बातमी तुमच्यापर्यंत कोणी नेली ते मी विचारत नाही. (गावातला जो एसटीत बसतो तो तुमच्याच दारात उतरतो असे दिसते.) तुम्ही हेडमास्तर माणूस. निकाल वाईट आला की बापाने काय करावे हे तुम्ही पाठपोट लिहून कळवले. पोरीशी हसून बोलू नये, गोडधोड बंद करावे, खेळ बंद करावा. आणि शेवटी लिहिले, तुझ्याने होत नसेल तर मी पुढल्या आठवड्यात येऊन तिला घेऊन जातो, आर्वीच्या शाळेत नाव घालतो, वर्षभर माझ्याजवळ राहील, सरळ होईल. तर दादा, आधीच सांगून टाकतो. भागी येणार नाही. बाबा गेल्यावर तुम्हीच मला शिकवले, तुमच्यासमोर मी आजवर मान वर केली नाही, हे सगळे कबूल. तरीही येणार नाही.

तुमचे ऐकलेच नाही असे मात्र समजू नका. पत्र आले त्याच दिवशी मी चेहरा कडक केला. (लीलाला वाटले दाढ दुखते. तिने लवंग आणून दिली.) मग जेवताना जाहीर केले की आमरस बंद. भागीने विचारले, कोणाचा? मी म्हटले, तुझा. झाले, लीलाने आपलीही वाटी सरकवली. "पोरीले नाई तर मले बी नोको." आता दोघी नुसती पोळी चावत असताना मी एकट्याने रस कसा ओरपावा? वाटी तशीच राहिली, तिच्यावर माश्या बसल्या. भागी मात्र हात धुऊन शेजारच्या शकुबाईंकडे गेली, तिथे मनसोक्त रस खाऊन आली आणि मला म्हणते, "बाबा, काकू तुमच्यासाठी बी देऊन राह्यली होती. मी म्हटलं, आमच्या घरी आज बंद हाये." म्हणजे शिक्षा पोरीला, उपास आईबापाला आणि बोभाटा गल्लीभर.

मग तिला समोर बसवून विचारले, गणितात मार्क काऊन कमी पडले? ती म्हणाली, पेपरात संत्र्यांचे गणित होते. बारा संत्री, तीन मुलांत सारखी वाटा. हिने एकेकाला तीन दिली. मी म्हटले, चार येतात ना? तर माझ्याकडेच रागाने पाहून म्हणते, "अन् त्यायच्या मायले?" दादा, तुम्ही हेडमास्तर आहात, तुमच्याजवळ याचे उत्तर असेल. उलट टपाली कळवा.

प्रगतिपुस्तकावर लाल शाईने आणखी एक शेरा होता, 'वर्गात फार बोलते.' तो मला जास्त लागला. टोपी घातली आणि भर उन्हात लक्ष्मणराव गुरुजींचे घर गाठले. गुरुजी अंगणात कुरड्या राखत बसले होते, कावळ्यांसाठी हातात काठी. (वर्गातलीच असावी.) मी शेऱ्याचे विचारले. ते म्हणाले, बोलते म्हणून लिहिले. मी उठायला लागलो तेव्हा काठी आडवी धरून म्हणाले, "बसा रूपराव. कोणाशी बोलते ते बी ऐकून जा."

तर असे झाले होते. पुनाजी म्हणून एक गोंड मजूर गेल्या वर्षी गावात कामाला आला, त्याची पोरगी रुखमा वर्गात आली. घरी त्यांची बोली वेगळी. आपली मराठी तिला येत नव्हती, पोरे हसायची, म्हणून ती तोंडच उघडायची नाही. गुरुजींनी गोंजारून पाहिले, रागावून पाहिले. भागी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि जी सुरू झाली ती वर्षभर थांबली नाही. हा खडू, ही पाटी, तुमच्यात याले काय म्हणते? रुखमा आता उभी राहून खणखणीत कविता म्हणते. आणि आमची भागी पाण्याला 'एर' म्हणते, तो त्यांचाच शब्द; मला वाटत होते हिचा काहीतरी चाळा आहे. मी म्हटले, मग हे लिहायचे होते गुरुजी! ते कावळा हाकलत म्हणाले, "कुठं लिहू? त्याचा रकानाच नाई."

मी उठलो. एक ओली कुरडई तोंडात टाकली आणि घरी आलो. पालकांची सही अशी ठोकली की शेजारच्या दोन रकान्यांतून आरपार गेली. खालच्या आळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात लीलाला रस करायला सांगितले. तेव्हा दादा, निकाल आला की काय करावे, हे मीच तुम्हाला कळवतो. आधी पोरीला विचारावे आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. गणित मी शिकवीन, नाही जमले तर दोघे मिळून नापास होऊ. तुम्ही या, वहिनींना घेऊन या, महिनाभर राहा. पण भागीला न्यायचे नाव काढू नका. राग आला तर माझ्यावर काढा, मी तयार आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमचा,
रूपराव

ता. क. हे पत्र लीलाला वाचून दाखवत होतो. 'न्यायचे नाव काढू नका' येथवर आलो तर भागी आतून ओरडली, "मले कोणी इचारलंच नाई! मले जाचं हाये मोठ्याआईकडे." (वहिनींकडे म्हणते, तुमच्याकडे नव्हे.) माझ्याच नियमाप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागले. लीला पदरात तोंड घालून हसते आहे. तरी पुढल्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे न्यायला येजा. सकाळची गाडी धरा, ऊन फार आहे.

पुन्हा ता. क. फक्त सुटीपुरती नेत आहात, वर्षासाठी नाही. शाळा उघडण्याआधी आणून सोडा, उशीर करू नका. पोरगी अजून ओट्यावरच थैली घेऊन बसली आहे, बडबडही चालू आहे, आणि मला घर आतापासूनच सुनं वाटून राह्यलं.