हाकेला ओ

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे आणि ते स्वतः चालवणे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, परंतु तो देताना त्यांचे लक्ष मोबाईलमध्ये होते, म्हणून माझे मीच पुन्हा लिहून देतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी आणून पाहावेच. याआधी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करीत आहे. त्यात राहते घर माझ्या एकुलत्या मुलाच्या नावे होते आणि सुनेचा साधा उल्लेखही नव्हता. आता तो का आला, ते पुढे सांगतो.

कलम १. माझा धंदा आधी नीट समजून घ्यावा. लग्न असो, मयत असो, दुकानाचे उद्घाटन असो, माईक माझा. लोकांना वाटते, आपण बोलायचे थांबलो की माईकही थांबतो. मी कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेलो असे. आशीर्वाद देता देता गुरुजी हळूच म्हणत, "पंखा इकडे वळवा रे." मुलीचे वडील प्रत्येकाला "तुमच्या येण्याने कार्याला शोभा आली" म्हणत आणि पाहुणा वळला की बायकोला विचारत, "हा कोण गं?" श्रद्धांजलीला सगळे स्तब्ध उभे राहिले की कुजबुज सगळ्यात जास्त. जन्मभर हे ऐकल्यावर ठरलेल्या शब्दांवर माणसाचा विश्वास उरत नाही. माझा उरला नाही. कोणी "जेवूनच जा" म्हणाले की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो, दार लोटतोय का ते.

कलम २. दुकानातले अॅम्प्लिफायर, कर्णे, स्टँड आणि सर्व वायरी माझ्याबरोबर राबलेल्या वायरमनला द्याव्यात. त्याने मला कधी "मालक" म्हटले नाही आणि पुढे-पुढेही केले नाही, म्हणून तो मला बरा वाटतो.

कलम ३. वरील सामानातून एक चंदेरी माईक वगळावा. तो माझ्या धाकट्या भावासाठी आहे. माझी पत्नी गेली तेव्हा शोकसभेत हाच माईक होता आणि तो मीच चालवला, दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजेना. भाऊ बोलायला उभा राहिला. "वहिनीने मला आईची माया दिली," म्हणाला आणि हुंदके देऊन रडला. मीही रडलो, हेडफोनसकट. मग दोन पावले मागे सरून, माईक बंद आहे असे समजून, तो शेजारच्याला म्हणाला, "बरं झालं ना?" त्यानंतर त्याच्या घराची पायरी मी चढलो नाही. तो विचारून विचारून थकला, पण मी कारण सांगितले नाही. आता त्याला कळेल.

कलम ४. राहते घर. सून रोज सकाळी माझ्या दाराबाहेर उभी राहून विचारते, "बाबा, उठलात का?" रोज तेच शब्द, तोच सूर. मला वाटे, ही घराच्या ताब्याची चौकशी आहे. म्हणून मी मुद्दाम उशिरा ओ देत असे. मागच्या महिन्यात मी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटामागे एक छोटा माईक बसवला आणि हेडफोन लावून अंथरुणात पडून राहिलो. चोरून ऐकले असे कोणी म्हणू नये. घर माझे, माईकही माझा.

हाक आली. मी ओ दिली नाही. आता काहीतरी पुटपुटेल म्हणून कान टवकारले, तर बाहेर श्वाससुद्धा ऐकू येईना. तिच्या हातातल्या बशीत कप मात्र वाजत होता. मग "बाबा?" एवढेच. मी खोकलो. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, आणि लगेच नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "चहा ठेवलाय, गार होईल."

माझ्या मरणाची कोणाला भीती वाटते, हे मला ठाऊकच नव्हते. मी उशीत तोंड खुपसून रडलो. नंतर मन पुन्हा जागेवर आले. तिने माईक आधीच पाहिला असेल आणि सोंग केले असेल, हीही शक्यता मी तपासली, कारण ते कपाट तीच झाडते. पण सोंगात कप तसा वाजत नाही. सबब राहते घर, आतल्या सर्व सामानासह, सुनेच्या एकटीच्या नावे करीत आहे.

कलम ५. मुलाने याच घरात सुखाने राहावे, पण एका अटीवर. तो कामावरून येतो आणि बायकोला विचारतो, "जेवलीस का?" तिने तोंड उघडेपर्यंत हा मोरीत हात धूत असतो. वाढणारी ती, त्यामुळे ती जेवलेली नसते. तर यापुढे विचारून झाले की जागचे हलायचे नाही. उत्तर येईपर्यंत तिच्यासमोर उभे राहायचे. शब्द रोज तेच चालतील, नवीन काही सुचवत बसू नये. वकील म्हणाले, "आजोबा, अशी अट कोर्टात टिकत नाही." मी म्हणालो, "लग्नात शपथा घेतात, त्यातली कुठली टिकते?"

कलम ६. माझ्या मागे ज्याला जे विधी करायचे असतील ते करावेत, मी अडवायला नसेन. फक्त माईक लावू नये. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने जवळ येऊन म्हणावे. भावालाही येऊ द्यावे. "बरं झालं ना" म्हणजे "वहिनीसाठी नीट बोललो ना," असेही असेल, असे अलीकडे मनात येते. खात्री नाही. म्हणून त्याला माईक देतो, वायर देत नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: लाऊडस्पीकरवाला

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे शिंपी. न वाचताच सही करीत होते, म्हणून वाचून दाखवावे लागले.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. या वेळी त्यांचा मोबाईल माझ्या टेबलाच्या खणात होता.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक १७ नोव्हेंबर २०२२.

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडत आहे, कोणत्याही कलमात बदल नाही. आज "बाबा, उठलात का?" असे आले आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली. मग दार उघडून सून थेट आत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"