बोअरवेलच्या ओट्याखालची फट

रविवार, संध्याकाळ. गोडादरा.

लिहायला बसलेय खरी, पण एका जागी बसवत नाहीये. आज गावानं ऐकलं!

तापीच्या मुखाजवळच्या ज्या गावात आमचं पथक जमिनीची पातळी मोजतं, तिथे खाडीला लागून नवी अंगणवाडी बांधणार होते. तिथली जमीन खचतेय, हे आमच्या मोजणीत दिसत होतं. पण मी आकडे दाखवले की सरपंच हसायचे. "बेन, पाणी चढतं ते पुनमेच्या भरतीनं, ती तर कायमचीच."

आज ग्रामसभेआधी बोअरवेलवर पाणी प्यायला गेले आणि थबकलेच. पाइपाभोवतीचा सिमेंटचा ओटा जमिनीपासून सुटून अधांतरी राहिलेला. खाली हात जाईल एवढी फट! आधी कशी दिसली नाही मला? सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"पाइप वर आला की काय?" सरपंचांनी विचारलं.

"नाही काका. पाइप खोल, कठीण थरात रुतलाय. वरची माती दबत चाललीय. समुद्र चढतोय आणि आपण उतरतोय."

मग अंगणवाडीच्या कमूबेननी वाकून फटीत हात घातला, पार कोपरापर्यंत. "माझी मुलं मी इथे बसवणार नाही," म्हणाल्या. माझ्या आकड्यांना जे जमलं नाही, ते त्या फटीनं केलं. अंगणवाडी आता उंचावर, टेकराजवळ होणार.

घरी आई म्हणाली, "काय व्हयनं वं? इतली खूश काबर शे?" इतकी खूश का, ते सांगितलं सगळं. तर तिचा प्रश्न, "मंग बाकीनं गाव?"

त्यावर आठवलं, गावातून निघताना सरपंच हळूच जवळ आले होते. "बेन, माझं घरपण मोजाल का?"