खो देणाऱ्याने बसायचं असतं

लिहून ठेवणार मी, जयवंता केशवराव बिरादार, वय सत्तर पूर्ण, अविवाहित, राहणार मलकपेठ, हैदराबाद. 'धंदा' या रकान्यात काय लिहावं यात माझी एक सकाळ गेली. 'खो-खो मार्गदर्शक, निवृत्त' असे लिहावे. हे लिहिताना माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कोणी दडपण आणलेलं नाही, कोणी गोड बोलून फशी पाडलेलं नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ता. ३ जुलैचा एक कच्चा मसुदा आहे, त्यावर सही नाही, तो रद्द समजावा. त्यातलं एक कलम मात्र मी इथे उतरवून मग खोडणार आहे. वकील हर्षवर्धन उदगीरकर म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात असं खोडलेलं ठेवत नसतात." मी म्हटलं, मी ठेवणार.

माझ्या मागे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा विकास आणि त्याची मुलगी तेजश्री, दोघे राहणार कुकटपल्ली. तेजश्रीला मराठी वाचताना अडखळायला होतं. विकासने हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे आणि अवघड वाटली म्हणून मधली वाक्यं गाळू नयेत.

कलम १. मिळकत कशी आली ते सांगते, म्हणजे पुढे वाद नको. मलकपेठेतले दोन खोल्यांचे घर माझ्या वडिलांनी भालकीकडची शेती विकून घेतले आणि हयातीतच माझ्या नावे केले. माझ्या कमाईतून घर झालं असा कोणाचा समज असेल तर तो हसण्यावारी न्यावा. इथल्या एका मराठी कन्याशाळेत मी एकतीस वर्षं मुलींना खो-खो शिकवला. त्यातलं एकही वर्ष मला पगार नव्हता, मानधन होतं. हा शब्द कोणी काढला माहीत नाही, पण मोठा हुशार माणूस असणार. धन मागायला गेलं की मानाची आठवण करून देत, आणि मान मागायला गेलं की म्हणत, बाई, पैसे मिळतात ना तुम्हाला?

पोट भरलं ते शिवणयंत्रावर. सकाळी मैदानावर मी बाई, दुपारनंतर गल्लीत फॉल-पिकोवाली. कोपऱ्यावरचा किराणावाला मला कोचिंगवाली टीचर म्हणे. एकदा त्याने विचारलं, "टीचरम्मा, कौनसा कोचिंग? एमसेट का?" मी म्हटलं, इंजिनिअरिंगच्या परीक्षेचं नव्हे, खो-खोचं. तो इतका हसला की वजन करायचं विसरला आणि डाळ जास्त पडली.

कलम २. शिवणयंत्र आणि त्याची मोटर तेजश्रीला द्यावी. ती वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. शोभेला ठेवली तरी चालेल, फक्त त्यावर कुंडी ठेवू नये.

कलम ३. लाकडी पेटीत चौदा शाली आहेत. दर बक्षीस समारंभाला एक, सोबत एक नारळ. नारळाच्या वड्या केल्या, शालींचं काय करायचं ते कळलं नाही. हैदराबादेत शाल पांघरायची थंडी वर्षात आठ दिवस. त्या घडीसुद्धा न मोडता मुलींच्या एखाद्या वसतिगृहाला द्याव्यात. एक हिरवी शाल मात्र देऊ नये, ती जाळावी. का ते पुढे येईल.

कलम ४. शिटी, स्टॉपवॉच आणि मैदान आखायच्या फक्कीचा पत्र्याचा डबा यांचे काय करावे हे कलम ८ मध्ये लिहिले आहे.

कलम ५. शाळेच्या संस्थेचे तेव्हाचे चिटणीस यांना मी काही ठेवत नाही. त्यांचं नाव लिहून कागद खराब करत नाही. ते आता बोलूचालू शकत नाहीत असं ऐकते, आणि ऐकून बरं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. वीस वर्षांपूर्वी वाटलं असतं.

कलम ६. आता मूळ मुद्दा. ज्योती सूर्यवंशी ही माझी विद्यार्थिनी. माझ्या हाताखालून पाचशेच्या वर मुली गेल्या, तिच्यासारखी दुसरी नाही. ती पाठलागाला पाटीवर बसली की समोरची पळणारी मुलगी आधीच घाबरायची. घरची परिस्थिती बेताची, वडील रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात कामाला. खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी मिळते हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ते तिने खरं मानलं होतं.

१९९८ साली ती दहावीत होती. शाळेने आंतरशालेय ढाल दोन वर्षं लागोपाठ जिंकली होती. चिटणीस मला म्हणाले, "तिसऱ्या वर्षी ढाल आणा, बाई, तुम्हाला कायम करून टाकतो." कायम म्हणजे पगार, रजा, पेन्शन. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि माझे डोळे सुईत दोरा ओवताना दुखू लागले होते.

बारा नोव्हेंबरला शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने पत्र आलं. ज्योतीची राज्य संघाच्या निवड शिबिराला निवड झाली होती. हजर व्हायची तारीख एकवीस. आमची फायनल बावीसला. ती गेली असती तर ढाल गेली असती. मी पत्र पदराआड लपवून घरी आणलं आणि ब्लाउजच्या कापडांच्या खाली ठेवलं. उद्या देऊ म्हटलं. मग परवा. फायनल झाली की शिबिरवाल्यांच्या हातापाया पडू, असंही स्वतःला सांगितलं. ते पडायला मी गेले नाही.

फायनल आम्ही एका गुणाने जिंकलो. शेवटचा गडी ज्योतीने मारला आणि पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. समारंभात मला हिरवी शाल मिळाली. कायमची जागा खरोखरच मंजूर झाली, आणि तिच्यावर चिटणिसांचा भाचा लागला. खो-खोत बसतात किती, हे त्याला बोटं मोजून सांगावं लागे.

त्या शिबिरातल्या तीन मुली पुढे नोकरीला लागल्या. ज्योतीचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत ती लेकीला, केतकीला, कडेवर घेऊन माहेरी आली. आज दिलसुखनगरला कोचिंगच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला आहे. इतक्या मुलींतून दर गुरुपौर्णिमेला माझ्याकडे येणारी ती एकटीच. उस्मानिया बिस्किटांचा पुडा आणते, वाकून नमस्कार करते. मी उठायला लागले की म्हणते, "नक्को बाई, बसा तुम्ही." आणि मी बसते. सत्तावीस वर्षं मी तो नमस्कार घेतला. त्याची मला लाज वाटते.

मराठीत 'खो देणे' आणि 'खो घालणे' यांत एका क्रियापदाचा फरक आहे. मुलींना मी पहिलं शिकवलं. त्यांतल्या सर्वांत गुणी मुलीच्या बाबतीत मी दुसरं केलं.

कलम ७ (ता. ३ जुलैच्या मसुद्यातले, आता खोडलेले). "माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी, शिवणयंत्राच्या खणातला बंद लिफाफा ज्योतीस द्यावा. त्यात वरील पत्र आहे. तिने मला क्षमा करावी."

हे का खोडलं ते सांगते. साक्षीदार म्हणून मी कुसुमताई औंढेकरांना बोलावलं. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आणि शुद्धलेखन तपासल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर सही केलेली नाही. त्यांनी मसुदा वाचला, दोन वेलांट्या सुधारल्या, आणि चष्मा काढून ठेवला.

"जयवंता, खो दिल्यावर देणाऱ्याने काय करायचं असतं?"

"तिच्या जागेवर बसायचं असतं."

"आणि तू?"

मी चहा टाकायला उठले.

"तू खो देऊन थेट मैदानाबाहेरच चाललीस की. मेलेल्या माणसाला बसता येत नाही बाई. मी असल्या फाऊलवर सही करणार नाही." असं म्हणून त्या चहा न घेता गेल्या. चहा न घेता जाणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

म्हणून ता. १० जुलै, गुरुपौर्णिमेस, ज्योती आली तेव्हा नमस्काराला वाकण्याआधीच मी तिला थांबवलं आणि लिफाफा हातात दिला. तिने उभ्यानेच वाचलं. मग तारीख पुन्हा पाहिली.

"बाई, हे फायनलच्या अगोदरचं आहे काय?"

"हो."

"तुमच्याजवळ होतं?"

"हो. मीच ठेवून घेतलं. मला कायम करणार होते म्हणून."

तिने कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं, मी कमी पडले," ती म्हणाली. "म्हणून बोलावले नाहीत. सत्तावीस वर्षं मला हेच वाटतंय बाई. केतकीला शाळेत खेळायला घेत होते. मीच नक्को म्हटलं. म्हटलं, आपल्यात तेवढा दम नाही, कायको पोरीला आशा लावायची."

तिची नोकरी हुकली हे मी धरून चालले होते. हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

तिने पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. बिस्किटांचा पुडा तिपाईवर राहिला. नमस्कार केला नाही, तो मी मागितलाही नसता. आजवर दारात चप्पल घालताना ती 'येते बाई' म्हणायची. त्या दिवशी ती म्हणाली, "जाते."

कलम ८. माझे मलकपेठेतले घर, बँकेत जे काही असेल ते, आणि कलम ४ मधल्या वस्तू ज्योती सूर्यवंशी हिला द्याव्यात. ती पुन्हा कधी आली नाही तरीही द्याव्यात. तिने घर घेतले म्हणजे मला माफ केले, असा अर्थ कोणीही काढू नये. तिने नाकारल्यास सर्व केतकीला द्यावे. शिटी आणि स्टॉपवॉच मात्र केतकीलाच द्यावीत, आणि देताना एवढंच सांगावं की तिच्या आईइतकी चांगली खेळाडू मी पाहिली नाही, आणि हे मी शुद्धीवर असताना लिहिलं आहे. विकास, तू रागावशील. तुला तुझं घर आहे, आणि आत्याने तुला कधी खो घातला नाही, एवढं समाधान मान.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर शोकसभा, मानपत्र, फोटोला हार, काही नको. कोणी शाल आणलीच तर परत पाठवावी.

हे सर्व मी स्वतः वाचले, मला समजले आणि मान्य आहे. कुसुमताईंनी आज चहा घेतला.

सही करताना एक गोष्ट नोंदवते. मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे. साक्षीदारांना वाटलं, उजेडासाठी. तसं नाही. ज्योतीच्या जागी मी आता बसले आहे, आणि बसलेल्याने खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. तिला सत्तावीस वर्षं कोणी बोलावलं नाही. मला दोनच दिवस झाले आहेत.

सही: जयवंता केशवराव बिरादार

वरील सही आमच्यासमोर, आम्हा दोघांच्या उपस्थितीत झाली.

साक्षीदार १: कुसुमताई औंढेकर, निवृत्त शिक्षिका, मलकपेठ. (शुद्धलेखन तपासले.)

साक्षीदार २: हर्षवर्धन उदगीरकर, वकील. (कलम ७ बद्दलचा माझा सल्ला मानला गेला नाही.)

स्थळ: मलकपेठ, हैदराबाद
दिनांक: १२ जुलै २०२५