हनीफने सोडलेला तास

स्लायगो, आयर्लंड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. प्रतापदादास नमस्कार,

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, पण टपालखात्याला ते काही जमायचं नाही, म्हणून हे पत्र. वहिनीची पाठ कशी आहे? औषध मी सुचवणार नाही, तिथल्याच डॉक्टरला दाखवा. इकडे सगळे मजेत. थंडी पडली आहे. तुझी भाची स्वरांगी माझं मराठी सगळं समजून घेते आणि उलट उत्तरं मात्र आयरिश इंग्रजीत देते.

खरी बातमी हनीफची. आठवतोय ना? पंधरा वर्षांपूर्वी मी इथल्या हॉस्पिटलात लागले, तेव्हा नोरा मॅकगोवन नावाच्या बाईंकडे भाड्याने राहायचे. शेजारच्या खोलीत मलेशियाचा मेडिकलचा विद्यार्थी होता, तो. आईने फोटो बघून "काय गुणी चेहरा आहे गं" म्हटलं होतं आणि तू महिनाभर माझी उलटतपासणी घेत होतास.

हा पठ्ठ्या शिकायला आला डॉक्टरी आणि शिकून गेला राजकारण. नोराचा नवरा काउंटी कौन्सिलर, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा परिषद सदस्य म्हण. इथे माणूस गेला की त्याला घरी बैठकीच्या खोलीत ठेवतात. सगळं गाव ओळीने येतं, घरच्यांचा हात हातात घेतं, मग स्वयंपाकघरात चहा आणि सँडविच. कौन्सिलर अशी एकही ओळ चुकवायचे नाहीत आणि हनीफ त्यांच्यासोबत जायचा. मी अभ्यासाचं निमित्त सांगून घरी बसायचे.

तो परत गेला मलेशियाला, केदाह राज्यात, भातशेतीच्या मुलखात. तीन वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आणि राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. विरोधक त्याला "आयरिश साहेब" म्हणून चिडवायचे. पण कुणाच्याही घरी मयत झाली की साहेब सगळ्यांच्या आधी हजर, खुर्च्या मांडायला. दोनदा निवडून आला. दुसऱ्या वेळी राज्याचं आरोग्य खातं मिळालं. खेड्यापाड्यांत डायलिसिसची केंद्रं काढली. मला फोटो पाठवायचा, त्यात हा कुठेतरी मागे उभा आणि पुढे पेशंट हसत बसलेले.

तिसऱ्या निवडणुकीत, अर्ज भरायच्या दिवशी पहाटे त्याची आई गेली. अर्जाची वेळ फक्त नऊ ते दहा. पक्षाची माणसं दारात गाडी घेऊन उभी, "तासाभराचं काम आहे, दफन अकराला करू" म्हणत. हा गेला नाही. साडेनऊला तो कबरस्तानात होता. पक्षाने ऐनवेळी दुसऱ्याला उभं केलं, तो आता आमदार आहे. हनीफ पुन्हा दवाखान्यात सर्दी-ताप बघतो.

तर गेल्या सोमवारी नोरा गेली. मी त्याला मेसेज केला आणि स्वतः फुलं पाठवून मोकळी व्हायचं ठरवलं. माझ्या घरापासून तिचं घर गाडीने बारा मिनिटं. बुधवारी दुपारी फोन आला, "स्लायगो स्टेशनवर आहे, न्यायला ये." तीन विमानं बदलून आला होता, दादा. मग काय, मलाही जावं लागलं.

त्याने ओळीत उभं राहून एकेकाचा हात धरला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला. नोराचा मुलगा ओरडला, "अरे, मिनिस्टर कपबश्या धुतोय!" हनीफ अगदी इथल्या बोलीत म्हणाला, "माजी मिनिस्टर. पण कपबश्या ग्रँड धुतो." सगळे हसले. मी शेजारी उभी राहून पुसत होते आणि मला रडू आवरेना. नोरासाठी नव्हतं ते रडू.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा शेजारी कोण होतं?" मी म्हटलं, "दादा. मी नव्हते." तो म्हणाला, "व्हिसा?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हटलं.

दादा, व्हिसाचं मी खोटं सांगितलं होतं. इथे परत यायला लागणारं रेसिडेन्स कार्ड पर्समध्ये होतं. तिकीट काढलं होतं, डब्लिनच्या विमानतळावर गेटपाशी बसलेही होते. गेट बंद होईपर्यंत बसून राहिले आणि घरी आले.

कारण आई जायच्या आदल्या मंगळवारी तिचा फोन आला होता. "मृणाल, छातीत जळजळतंय गं, डावा खांदाही भरून आलाय." मी दोन पेशंटच्या मध्ये होते. म्हटलं, "अ‍ॅसिडिटी आहे, गोळी घे आणि पड." तिने विचारलं, "प्रतापला सांगू का? तो लगेच दवाखान्यात नेईल." मी म्हटलं, "नको, दादाला कशाला उगाच दगदग."

समोर कुणीही पेशंट असता तर मी आधी ईसीजी काढला असता. आईला मात्र फोनवर गोळी सांगितली. आम्ही इकडचे सगळे डॉक्टर घरच्यांना अशाच गोळ्या सांगतो, आणि घरचे कौतुकाने घेतात.

हे हनीफला सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

तेराव्याला फोनवर तू म्हणाला होतास, "मी बाजूच्या खोलीत होतो गं, मला कसं कळलं नाही?" वहिनी सांगते, तू अजून तेच म्हणतोस, जेवताना मध्येच थांबतोस. मला एका वाक्यात तुला सोडवता आलं असतं. मी वर्षभर गप्प बसले, तुझा राग सोसणं सोपं वाटलं म्हणून. न आल्याचा राग, दादा, फार स्वस्तात पडला मला.

वर्षश्राद्धाला मी येतेय. आठ डिसेंबरला सकाळी सांगलीत पोचेन. पत्र आधी पोचावं म्हणून रजिस्टर करतेय, म्हणजे मला बघण्याआधी तुला सगळं माहीत असेल. ओरड, मार, दारातून परत पाठव. मी कुठेच जाणार नाही.

पण तो प्रश्न आता स्वतःला विचारू नकोस. तुला कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

तुझी बहीण (हे लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं),
मृणालिनी