बुचाखालचा श्वास

४ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचा. खांदे दुखताहेत, पाय सुजलेत, पण मन प्रसन्न आहे. हे इतक्या वर्षांनी घडतंय की त्याची नोंद करायला मुद्दाम वही उघडून बसलो. कारखान्याच्या वरच दोन खोल्या दिल्यात. नळाला पाणी येतं. दोन्ही खिडक्या उघडतात आणि नंतर बंदही होतात; मागच्या नोकरीत यातलं एकच काय ते जमायचं. एक खिडकी रस्त्यावर आहे, दुसरी मागच्या अंगणावर.

मी दस्तेवाला. ठासणीच्या बंदुकांना अक्रोडाचे दस्ते बसवण्यात जन्म गेला. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, गजाने ठासून बार भरायचा, असल्या बंदुका आता फक्त हौशी मंडळी मातीच्या चकत्या फोडायला घेतात. इथे तर त्यातल्याही लहान तोंडाच्या बनतात. नळीत करंगळी जेमतेम शिरेल. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, दाजी, खेळण्यांच्या कारखान्यात लागलात की काय.

ही सध्या त्याच्याकडेच असते. ही म्हणजे आमची मंडळी. माझ्या फिरत्या नोकऱ्यांपायी तिचं निम्मं आयुष्य भावाच्या घरात अंग चोरून गेलं. इथे जरा बस्तान बसलं की तिला घेऊन येणार. दोघांनी एका छपराखाली म्हातारं व्हावं, यापलीकडे आता काही नको.

६ ऑक्टोबर, बुधवार

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला माझं टेबल, पटाश्या, कानशी, जवसाच्या तेलाचा डबा. दुसऱ्या टोकाला नळीवाला. तो नळ्या आतून घासून गुळगुळीत करतो आणि बोलत नाही. दिवसभर तोंडावर फडकं बांधलेलं. धूळ असते, समजू शकतो. वय विचारलं तर बोटांनी चाळीस दाखवली. मला तो माझ्या वडिलांच्या वयाचा वाटला होता. मनात म्हटलं, बायको कजाग असणार.

मालकीणबाई पंचाहत्तरीच्या पुढे असाव्यात, पण जिना असा चढतात की मी खाली उभा राहून लाजावं. कारखाना त्यांच्या यजमानांचा. त्यांना सगळे थोरले म्हणतात. ते गेले, बाईंनी कारखाना चालू ठेवला. कामावर त्यांची करडी नजर असते. दस्त्यावरून हात फिरवला आणि नुसत्या बोटांनी सांगितलं की गालाकडची बाजू केसभर जास्त राहिलीय. खरंच राहिली होती.

माझ्याकडे एक जास्तीचं काम आहे. थोरल्यांनी स्वतःसाठी केलेली एक बंदूक आहे, सगळ्यांत लहान तोंडाची. ती जाम होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी अंगणात तिचा एक बार काढायचा. नंतर नळीला तोंड लावून लांब फुंकर मारायची, आत राहिलेली ठिणगी विझावी म्हणून. आणि लगेच नळीच्या तोंडात बूच ठोकायचं, घोड्याखाली कातड्याचा तुकडा दाबायचा. दमट हवा शिरून गंज चढू नये, असं बाई म्हणाल्या.

फुंकर मारायची जुनी पद्धत मलाही ठाऊक आहे. पण माझ्या पहिल्या उस्तादाने नळीला तोंड लावताना पाहून माझ्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून मी रबरी नळी वापरतो. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, या बंदुकीला तोंडच लावायचं, थोरले तसंच करायचे. नवी नोकरी, वर दोन खोल्या. वाद कशाला घालायचा? लावलं तोंड.

एक खटकलं. कुठल्याही नळीत फुंकलं की हवा मागच्या टोकाला, ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडीच्या भोकातून, बारीक शीळ घालत निघते. भोक साफ आहे ते त्यावरूनच कळतं. हिची शीळ वाजली नाही. मी टाचणी घालून पाहिली, आरपार गेली. मग माझी फुंकर गेली कुठे?

११ ऑक्टोबर, सोमवार

दमलोय. काम जड नाही, तरी दमलोय. आज एका डॉक्टरीणबाईंसाठी दस्ता कोरला, त्यांचा हात आखूड आहे. चाप सहज बोटाखाली आला तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. असल्या दिवशी मी शीळ घालत जिना चढतो. आज अर्ध्यावर टेकलो.

संध्याकाळी फुंकर मारताना एक विचित्र वाटलं. मी फुंकत नव्हतो, नळी ओढत होती. तान्हं बाळ बोट ओढतं तसं, हळू पण सोडायला तयार नाही. ओठ सुटताना चुटकन आवाज झाला. बाई शेजारी बूच घेऊन उभ्याच होत्या, त्यांनी ते लगबगीने ठोकलं. मला म्हणाल्या, छाती चांगली आहे हो तुमची.

इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, म्हणून खूश झालो. आहेच मी तसा.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणतो, छाती स्वच्छ, विश्रांती घ्या. विश्रांतीच घेतोय. रंधा चार वेळा मारला की टेबलाला धरून उभा राहतो. आरशात गाल बसलेले दिसले. बाईंनी टेबलाशी आरामखुर्ची आणून ठेवली. माझ्या आधीचा दस्तेवालाही तिच्यातच बसायचा म्हणे. तो कुठे गेला विचारलं तर म्हणाल्या, माणसं फार लवकर थकतात हल्ली.

आज नळीवाल्याने बाई बाहेर गेलेल्या पाहून फडकं खाली केलं. ओठ निळे होते. दोन-दोन शब्दांत बोलला, मध्ये धाप लागत होती. त्याचं म्हणणं असं की आधी ते काम त्याच्याकडे होतं. तो रिता झाल्यावर आधीचा दस्तेवाला, मग मी. तोंड लावू नका म्हणाला. मग तू का थांबलास विचारलं, तर त्याने फाटकापर्यंतचं अंगण दाखवलं आणि मान हलवली. तेवढं चालवत नाही त्याला.

त्याची गंमत करायला काहीतरी बोलणार होतो. मग रंधाच उचलला.

हिला मी कालच फोनवर कळवून बसलोय की सामान बांध.

१८ ऑक्टोबर, सोमवार

आज बनवाबनवी केली. बार काढला, नळीला तोंड लावलं, गाल फुगवले आणि श्वास आतच धरून ठेवला. उत्तम नाटक केलं असं मला वाटलं.

बाईंनी बूच ठोकलं नाही. बंदूक माझ्या हातातून घेतली, नळीचं तोंड स्वतःच्या कानाशी नेलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. अंगणात पान हलत नव्हतं. त्यांच्या कानावरची पांढरी बट मात्र उडाली. खाली बसली. परत उडाली. झोपलेल्या माणसाच्या श्वासावर उडावी तशी, संथ. मला तंबाखूचा वास आला. बाई तंबाखू खात नाहीत, मीही नाही.

त्या म्हणाल्या, आज काहीच दिलं नाहीत तुम्ही, ह्यांना धाप लागलीय. रागावल्या नव्हत्या. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईचा असतो तसा आवाज होता. मग सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. थोरले याच अंगणात बार काढून फुंकर मारता मारता गेले. शेवटचा श्वास नळीत गेला तो बाईंनी हाताने दाबून धरला, वर बूच मारलं. पण एकट्या श्वासाने किती दिवस काढायचे? त्यात भर घालावी लागते. बाईंचा स्वतःचा चालत नाही, नळी घेत नाही. ह्यांना माझ्या जिवाची काळजी, असं म्हणून चक्क लाजल्या.

मी भ्यालो. पळायला हवं होतं. पण त्यांनी नळी माझ्या तोंडाशी आणली, आणि मी इतका थकलो होतो की तोंड वळवणंही जिवावर आलं. नळीने तेवढ्यात काय ते घेतलं.

२० ऑक्टोबर

जिना उतरता येत नाही. आवाज गेला. बोलायला श्वास लागतो, लिहायला लागत नाही, म्हणून ही वही.

बाईंनी फोन वर आणून दिला. लावा हवा तर, म्हणाल्या. मेव्हण्याला लावला. तिला पाठवू नकोस, एवढंच सांगायचं होतं. ओठ हलले, धाप तेवढी निघाली. तो पलीकडून ओरडला, कोण आहे रे, नुसता फुसफुसतोस काय, लाज नाही वाटत. आणि ठेवून दिला.

हसू आलं. हसायलाही श्वास लागतो.

२२ ऑक्टोबर

ही आली.

मला पाहून रडली, मग चिडली, मग खोली झाडायला घेतली. किती बरं वाटलं. दोन खिडक्या पाहून म्हणाली, अहो, छान आहे की.

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तोंड लावू नकोस. आत्ता परत जा. तिचा चष्मा प्रवासात फुटलाय. वही लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाली, तुम्हीच वाचून दाखवा.

हातवारे केले. तिला वाटलं पाणी हवंय.

२३ ऑक्टोबर

बाईंचं आणि हिचं मेतकूट जमलंय. बाई हिला सांगताहेत, तुमचे यजमान आजारी, कामं खोळंबलीत. ही म्हणते, मी आहे ना, बसून खायची सवय नाही मला. भावाच्या घरी ऐकून घेतलेलं बोलतंय ते. इथे कुणाच्या उपकारात राहायचं नाही तिला.

हिची छाती दांडगी. एका हाकेत गल्ली गोळा करायची. बाईंनी ती हाक ऐकली. खालून, मला जेवायला उठवताना मारली तेव्हा. बाई हातातलं टाकून ऐकत होत्या, खिडकीतून दिसलं.

नळीवाला आज दिसला नाही, ही खालून येऊन सांगत होती. त्याचं फडकं खुंटीवर आहे —

२४ ऑक्टोबर

संध्याकाळ. खिडकीशी सरपटत आलो. दोघी अंगणात.

बार निघाला. धूर.

बाई हिला बंदूक देताहेत. कसं धरायचं दाखवताहेत. ही हसतेय, बाह्या सरसावतेय —

खिडकीच्या चौकटीवर पटाशी आपटली. वर पाहिलं तिने! हात केला. खूण करतेय, थांबा, एवढं करून येते वर —

नको नको नको

लावलं तोंड.

बाईंच्या हातात बूच. दुसरा हात हिच्या पाठीवरून फिरवताहेत. हिचे खांदे आत ओढले जाताहेत. हात झाडतेय. ओठ सुटत नाहीत —

हाक मारायला हवी. नुसतं अगं म्हटलं तरी मान वळवेल, आजवर कधी वळवली नाही असं झालं नाही. एवढाच श्वास हवा, एक, मग गेला तरी —

अ