फाइलीतलं निरंक

दवनीवाडा,
ता. ५ ऑगस्ट २०२४

चि. भैयालाल यास कुसुमबाईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे, तिकडचं कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की भांडण लागलं समजून शेजारचे धावत येतात, म्हणून लिहिते. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, बाकीची अक्षरं किराण्याच्या पुड्यांवरून शिकले. चुका काढत बसू नको.

स्नेहलच्या घशातल्या गाठी काढाव्या लागणार. वर्षभरात पोरीला सहा वेळा ताप आला. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी २९ तारीख दिली आहे. मी सोबत फाइल नेली होती, बालसंरक्षणाच्या कचेरीनं पोरीबरोबर दिलेली. वर प्रतिपालक म्हणून माझा फोटो चिकटवला आहे, त्यात मी चोरासारखी दिसते. बाईंनी विचारलं, हिला कधी एखाद्या औषधाचा त्रास झाला होता का. मी म्हटलं, फाइलीत असेल. फाइलीत काय, तर निरंक. पूर्वीचे आजार निरंक, औषधाचा त्रास निरंक, दवाखान्यात भरती निरंक. नऊ वर्षांची जिवंत पोर, आणि जन्मात साधी सर्दी नाही. बाई म्हणाल्या, निरंक म्हणजे काही झालं नाही की कोणी विचारलं नाही, हे समजल्याबिगर मी हिला सुई लावणार नाही.

तशीच कचेरीत गेले. मुन्नालाल बाबू म्हणाले, रकाना खाली राहिला तर फाइल वापस येते, म्हणून निरंक लिहावं लागतं. मी विचारलं, आणि पोर वापस आली नाही तर कोणत्या रकान्यात लिहाल. तेव्हापासून ते चष्माच पुसून राहिले.

पोर तुझ्याकडे तीन वर्षं होती. तुझी भागरथा वारली, एकट्या पुरुषाकडे मुलगी ठेवता येत नाही म्हणून कचेरीनं ती माझ्याकडे, तुझ्या बहिणीकडे दिली. पण तिची दुखणी तुझ्याच घरी राहिली. आठव आणि झटपट लिही.

जीव लावतोस हे ठाऊक आहे, दोन ओळी लिहून तो दाखवावास.
तुझी बाई,
कुसुम


कोहमारा,
ता. ११ ऑगस्ट

ति. बाईस भैयालालचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र भेटलं. मी बरा आहो. ढाब्यावर नवी भट्टी लावली, तिचा धूर सगळा माझ्याच डोळ्यांत येते. ट्रकवाले रोटी कच्ची म्हणतात, मालक जळली म्हणते. मधल्या मधे माझी भाजी होऊन राहिली.

पोरीचं म्हणशील तर तिला काही झालं नव्हतं. एकदा खरूज आली होती, ती कडुनिंबानं गेली. बाकी मला नाही माहीत. ते सगळं भागरथा पाहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहे. गॅस कधी आला, दूधवाल्याचा नागा कधी, पोरीला ताप कधी, सगळं एकाच चौकोनात. ती कॅलेंडरं कुठं गेली, देवाला माहीत, म्हणजे देवालाही नाही. तू काऊन एवढी डोकं खाऊन राहिली. डॉक्टर लोक विचारतच असतात.

धान रोवून झालं का? पोरीला माझं नाव सांगजो.
माया पातळ होऊ नये ही विनंती.
तुझा भाऊ,
भैयालाल


दवनीवाडा,
ता. १६ ऑगस्ट

चि. भैयालाल यास जयभीम. आशीर्वाद या खेपेस राखून ठेवले आहेत.

दोन पानांचं पत्र, त्यात दीड पान भट्टी. मी तुला भट्टी विचारली होती का?

तुझं पत्र मी स्नेहलला वाचून दाखवलं. ती आपली पाटी पुसत म्हणाली, बाबा विसरले. मोठी आई, म्हणजे भागरथा, सुईच्या शिशीवरचा कागद पाण्यात भिजवून काढायची, भाताच्या शितानं कॅलेंडरवर चिकटवायची, असं ती सांगते. एकदा सुई घेतल्यावर तिचे डोळे सुजून बंद झाले होते, आणि बाबा तिला टेम्पोत घालून नेताना रडत होते, हेही सांगते. पोर सहज बोलली, जशी काल काय खाल्लं ते सांगते.

भैया, तिला दिसत नव्हतं, तुला तर दिसत होतं. मग पोरीला काही झालं नव्हतं असं मला लिहिलंस कायले? मी त्या मुन्नालालच्या सात पिढ्या काढून आले. तारीख तेरा दिवसांवर आली आहे. त्या शिशीवरचं नाव डॉक्टरीणबाईंना पाहिजे. घर उलटं कर, पण ते पान धाड.

रागात लिहिलं तरी मी तुझीच आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.
कुसुम


कोहमारा,
ता. २१ ऑगस्ट

ति. बाईस कोपरापासून जयभीम.

सोबत पान आहे. मार्च २०२२. घडी सांभाळून उघडजो, कागद कुरकुरीत झाला आहे. सतरा तारखेच्या चौकोनात भागरथेचं अक्षर आहे: सुई, अंगावर गांधी, ओठ, डोळे, श्वास. बाजूला शिशीवरचा कागद. कॅलेंडरं हरवली नव्हती. तिच्या लुगड्याखाली पेटीत होती. ती पेटी मी उघडत नव्हतो, बस.

आता खरं लिहितो. त्या वेळी दवाखान्यातून आणल्यावर आठ दिवसांनी मुन्नालाल बाबू घरी पाहणीला आले होते. त्यांनी विचारलं, पोरीला काही आजार, काही त्रास. भागरथा सांगणार होती. मी तिच्या आधी बोललो, काही नाही साहेब, ठणठणीत आहे. म्हटलं, पोरीला मरणाच्या दारातून आणलं हे कळलं तर म्हणतील, यांच्याकडे नीट लक्ष नाही, घ्या पोर वापस. बाबूनं मी सांगितलं ते लिहिलं. म्हणून ते निरंक माझं आहे, त्याचं नाही. भागरथा माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती. आणि एवढं करून पोर शेवटी गेलीच.

तुला तोंड दाखवाची हिंमत नाही. शिव्या द्यायच्या असतील त्या पत्रातच देजो.
तुझा,
भैयालाल


दवनीवाडा,
ता. ३१ ऑगस्ट

चि. भैयालाल यास जयभीम आणि मागचे धरून दुप्पट आशीर्वाद.

काम झालं. डॉक्टरीणबाईंनी ते पान खिडकीशी धरून वाचलं आणि म्हणाल्या, याच जातीचं औषध मी लिहून ठेवलं होतं. लगेच खोडलं, दुसरं लिहिलं. पोर शुद्धीवर आली ती आईस्क्रीम मागतच. आज पेज पिते आणि हातवारे करून माझ्यावर हुकूम सोडते.

शिव्या देणार होते. पण फाइलीचं नवं पान भरताना "मागील सहा महिन्यांतील इजा" या रकान्याशी माझंही पेन थांबलं. जूनमध्ये स्नेहल पेरूच्या झाडावरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले. ते मी कचेरीला सांगितलं नव्हतं. कारण तुझंच, शब्दसुद्धा तेच. आता लिहिलं. घेतील तर घेतील पोर, पण तिच्याबरोबर खरं तरी जाईल.

मुन्नालाल बाबूची मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली, आणि वर नियम दाखवला. जुनी नोंद बदलायची तर ज्यानं माहिती दिली त्यानंच समोर येऊन सही करायची. बहिणीची चालत नाही, कॅलेंडरचीही चालत नाही. तोवर फाइलीत निरंकच राहील. माझी साठी उलटली, भैया. उद्या पोर तिसऱ्या घरी गेली तर तिथल्या बाईला हे पान कोण दाखवणार?

९ तारखेला, सोमवारी, सकाळच्या गाडीनं ये. सही कर, मग घरी जेवायला चल. पोरीला मी सांगून टाकलं आहे की बाबा येणार. तू आला नाहीस तर काऊन आले नाहीत ते ती मला विचारेल, आणि या वेळी मी तिला खरं तेच सांगीन.

वाट पाहणारी,
तुझी बाई