पोस्टरवरचे डोळे

८ जुलै, मंगळ.
काल कॉलेजच्या गेटवर लावलेलं पोस्टर आज रोह्याला पोचेपर्यंत गायब. ‘गाझातलं युद्ध थांबवा’ आणि खाली ते उपाशी पोर. दोन दिवस खपून रंगवलं होतं, नाव न टाकता. शिपाई म्हणतो, “मना काय म्हायत नाय.” गेटवर कुणी शिंकलं तरी ह्याला माहीत असतं!

९ जुलै, बुध.
पेणला काकाच्या गणपतींच्या कारखान्यात एक माणूस आलेला. कपडे साधे, बूट पोलिसी. मूर्ती बघतोय असं दाखवत मलाच बघत होता.
“डोळ्यांची आखणी कोण करतं?”
काका कौतुकाने, “आमची वैशू.”
“रोह्याला शिकता ना? शिका. पोस्टरं नकोत.”
एका मूर्तीचा डावा डोळा चुकला, पुसून परत काढावा लागला.
पोस्टर माझं हे दोघांनाच माहीत. संकेत आणि नाझमीन. संकेतचे वडील डोलवीला कंपनीत कंत्राटावर, तो घाबरट आहे. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. पोलिसांकडे बोलला असता तर मलाच येऊन सांगितलं असतं. मग...

१० जुलै, गुरु.
नाझमीन फोटोत कधीच येत नाही. उद्याच्या आमच्या युद्धविरोधी मूक फेरीत पुढे उभी राहणार नाही म्हणते. तिच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडला की कॉलेज, तरी आज गैरहजर. संकेतने तिला पोलीस स्टेशनमधून बाहेर पडताना पाहिलं, तोंडावर ओढणी.
फोन केला. कुठे होतीस?
“घरीच गो.”
धडधडीत खोटं. तीन वर्षं एका बाकावर बसतो आम्ही.
फेरीच्या ग्रुपवर लिहिलं, नाझमीन पोलिसांना आपली नावं देते. तिला काढून टाकलं, ॲडमिन मीच. कुणी एक शब्द विचारला नाही. बरं वाटलं मला. इथे तरी खोटं कशाला लिहू.

११ जुलै, शुक्र.
फेरी झाली. नऊ जण, तोंडाला काळ्या फिती. कोपऱ्यावर तोच बूटवाला चहा पीत उभा. माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीतल्यासारखी.

१३ जुलै, रवि.
काकाला सगळं सांगून टाकलं, पोस्टरचा फोटोही दाखवला. आधी हसला, मग फोटो मोठा करून पाहिला.
“वैशू, ता पोर काय बाप्पा हाय गो? डोळे आपल्या कारखान्याचे हायत.”
खालच्या पापणीला दुहेरी रेघ, टोक किंचित वर. पेणमध्ये आमच्याशिवाय तशी कोणी काढत नाही. हाताला सवयच ती. भुकेल्या पोराला मी तृप्त डोळे देऊन बसले.
आणि तो माणूस?
“त्याच्या घरात दरसाल आपलाच गणपती जातो.”
म्हणजे कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या डोळ्यांत मीच सही करून आले होते. शरम वाटते.

१४ जुलै, सोम.
अष्टमीला गेले. नाझमीनने दारातच उभं ठेवलं.
“पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला गेलेली. अब्बा कुवेतला नोकरी बघतायत माझ्यासाठी. फेरीत नाव लागलं असतं तर पासपोर्ट अडकला असता.”
मग मला खोटं का सांगितलंस?
“तू विचारलंस कसं, आठव. पोलीस पण बरे बोलले.” मग म्हणाली, “फिती मीच शिवलेल्या, म्हायत हाय ना?”
माहीत नव्हतं. संकेतने आणून दिल्या, मी विचारलं नाही.
“माफी मना नको. लिहिलंस तिथंच लिही.”

१५ जुलै, मंगळ.
लिहायचं तर पोस्टर माझं हेही लिहावं लागणार. ग्रुपात पंचवीस जण, त्यांतल्या चौघांना मी कधी पाहिलेलं नाही, पोलिसांचा कोण असेल कुणास ठाऊक. काका म्हणतो, गणपतीचा सीझन होऊन जाऊ दे.
दुपारी तिला परत ग्रुपात घेतलं आणि लिहिलं: पोस्टर माझं. पोलिसांनी माझ्या आखणीवरून ओळखलं. नाझमीन पो.स्टे.ला पासपोर्टसाठी गेली होती. फिती तिनेच शिवल्या. मी तिच्यावर नाही तो आळ घेतला. माफ कर.
संकेतने हात जोडलेलं चित्र टाकलं.
दहा मिनिटांत नाझमीन ग्रुप सोडून गेली. वाचून की न वाचता?
मग माझं मीच परत वाचलं. नाझमीन, पोलीस, पासपोर्ट, फिती. त्या चौघांसमोर सगळं लेखी, माझ्याच हातचं. पुसावं तर माफीही पुसली जाते. मघापासून बोट त्या मेसेजवर ठेवून बसलेय.